लाडू सुटला

सिनेमाचा शेवट आधी सांगणाऱ्या माणसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्याला खुर्चीवरून उठवून बाहेर काढावं आणि तिकिटाचे पैसेही परत देऊ नयेत. पुस्तकाचा शेवट सांगणाऱ्याला तर मी घरातच घेत नाही. सख्ख्या मेव्हण्याशी मी ह्यावरून अडीच वर्षं बोललो नव्हतो, आणि चूक त्याचीच होती.

मी गुरुदत्त. सदतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या हा माझा धंदा. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही ओळ न गाळता वाचायचं, हे अंगात मुरलेलं. आणि नशीब बघा, बायको मिळाली ती पुस्तक मागून उघडणारी.

तशी लीला वाचनाची भोक्ती. आठवड्याला दोन पुस्तकं, शनिवारी सिनेमा, मधल्या वेळात टीव्हीवर काय असेल ते. पण तिचा एक नियम आहे. पुस्तकात कुत्रा आला रे आला की वाचन थांबवायचं, पुस्तक उलटं करायचं आणि शेवटची दहा पानं चाळून कुत्रा जिवंत आहे का ते बघायचं. असला तर पुन्हा सुरुवातीकडे. नसला तर पुस्तक दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत, आणि वर त्या लेखकाचा उद्धार. माणसं कितीही मरोत. एका कादंबरीत अख्खं गाव पटकीनं गेलं तरी ही शेंगदाणे खात वाचत होती.

सिनेमात शेवटचं पान उघडता येत नाही, ही तिची मोठी अडचण. गेल्या वर्षी परळला एका सिनेमाला गेलो. पोस्टरवर कुत्रा होता. हिनं तिकीट तपासणाऱ्या बाईंना विचारलं, "शेवटी कुत्रा जगतो ना हो?" त्या म्हणाल्या, "मॅडम, आम्ही आत बसतो कुठे?" मग हिनं मोर्चा पॉपकॉर्नवाल्याकडे वळवला. तो म्हणाला, "आंटी, बिनधास्त जा. हीरो ऑफ होतो, कुत्रा सेफ आहे." हिनं हुश्श केलं. माझा तीनशे रुपयांचा हीरो मात्र पॉपकॉर्नच्या काउंटरवरच मेला. मी तिथे जो काही बोललो तो इथे लिहीत नाही.

आता ह्यात तिची चूक नाही, हे मलाही कळतं. आमच्याकडे लाडू होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आणलेलं तांबूस रंगाचं पिल्लू, तेरा वर्षं राहिलं. रोज सकाळी लीला त्याला चौपाटीवर न्यायची. सहा वर्षांपूर्वी त्याचं मूत्रपिंड बिघडलं. आठ दिवस सलाईन, आणि नवव्या दिवशी हिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. डॉक्टर म्हणाले, "सुटला." शेजारच्या बकुळावहिनी आल्या, म्हणाल्या, "सुटला हो बिचारा." खालच्या मजल्यावरची माणसं आली, तीही तेच. शेवटी लीला भडकली. "सुटला सुटला काय लावलंय? मी काय त्याला डांबून ठेवलं होतं?" त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. पेपरात 'आरोपी जामिनावर सुटला' असं आलं तरी मी मनात वाचतो.

तर एका बुधवारी संध्याकाळी आमची अनुजा आली. ती माटुंग्याला राहते, विमा कंपनीत आहे. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून तिनं आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "कादंबरी लिहिलीय."

पाच वर्षं पोरगी पहाटे उठून लिहीत होती आणि घरात कुणाला पत्ता नाही.

"प्रकाशक तयार आहेत," ती म्हणाली. "सोमवारी त्यांना पक्कं सांगायचंय. पण आई, तू हो म्हणालीस तरच. सगळी तुझ्यावरच आहे. तुला नाही आवडली तर मी नाही छापणार." मग माझ्याकडे वळून, "आणि बाबा, तुम्ही लाल पेन हातात घ्यायचं नाही."

लीलाला काय आनंद झाला! चष्मा पुसला, खिडकीजवळची खुर्ची पकडली, मला सांगितलं की जेवणाचं आज तुमचं तुम्ही बघा. पहिल्या पानावर हसली. दुसऱ्या पानावर म्हणाली, "अगं बाई, ह्यात आमसुलांची बरणीसुद्धा आहे." तिसऱ्या पानावर कुत्रा आला. तांबूस. नाव, लाडू.

मी "नको" म्हणेपर्यंत तिनं गठ्ठा उलटा केला होता. शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. "आणि लाडू सुटला."

गठ्ठ्याला दोरी बांधून तिनं तो लोणच्याच्या बरण्यांमागे, फडताळात ठेवून दिला.

"लीला, पोटच्या पोरीनं लिहिलंय."

"म्हणूनच नाही वाचणार. दुसऱ्या कुणी मारला असता तर चार शिव्या घातल्या असत्या. हिला काय म्हणू? आणि वाचून हो कशी म्हणू? एकदा मेला तेवढा पुरे नाही झाला?"

मी पुष्कळ समजावलं. पण आमच्या हिनं एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. बरं, पोरीला फोन करून खरं सांगायचं तर तेही चालेना. "तिचं मन मोडेल," म्हणे. म्हणजे खोटं बोलायचं काम माझ्याकडे.

गुरुवारी फोन आला. "बाबा, आई वाचतेय?"

"वाचतेय ना. अर्धं झालं."

शुक्रवारी. "हसली का कुठे?"

"हसली की! खूप हसली."

"कुठे?"

मी सुचेल ते ठोकून दिलं. "ते... कुत्र्याच्या तिथे."

शनिवारी सकाळी फोन आला तो वेगळाच. "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आईला आवडलेलं नाही. राहू दे. उद्या पाच वाजता येऊन मी गठ्ठा घेऊन जाते आणि प्रकाशकांना नाही म्हणून कळवते." दहावीला गणितात नापास झाली होती तेव्हासुद्धा तिचा आवाज असा नव्हता. पाच वर्षं पहाटे उठलेली पोर. मला राहवलं नाही.

लीला दुपारी बकुळावहिनींकडे गेल्याबरोबर मी बरण्या सरकवून गठ्ठा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

सांगतो, चांगली लिहिलीय. मी माझ्या पोरीचं कौतुक करत नाही, ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका आहेत. पण चांगली लिहिलीय. लीला तर अशी उभी केलीय की पानातून उठून चहाला विचारेल. राग आला तो एकाच गोष्टीचा. त्यात एक नवरा आहे. दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन सुधारत हिंडतो, थालीपीठ चुकीचं लिहिलं म्हणून खानावळवाल्याशी भांडतो आणि न खाता परत येतो. (ते खरं आहे, पण दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी बदलली, हे तिनं लिहिलेलं नाही.) आणि सबंध पुस्तकात ह्या इसमाला नाव नाही. कुत्र्याला नाव आहे, इस्त्रीवाल्याला नाव आहे, मी आपला 'नवरा'.

अशी धुसफुस करतच शेवटच्या प्रकरणाला आलो. आणि तिथे ती बाई आजारी पडते. दोन पानं इस्पितळ, अर्ध्या पानात संपते. सगळे तिला घेऊन चंदनवाडीच्या स्मशानात जातात. घरी कुत्रा एकटा, साखळीला बांधलेला. तो ओढ ओढ ओढतो, भिंतीतला जुना आकडा निसटतो, आणि तो उघड्या राहिलेल्या दारातून जिने उतरून थेट चौपाटीकडे धावतो, जिथे ती त्याला रोज न्यायची. आणि लाडू सुटला.

मी कागद खाली ठेवले. बेचाळीस वर्षं जिच्या शेजारी बसून सिनेमे बघितले, ती पोरीनं अर्ध्या पानात संपवली होती. मी रागानं फोन लावला.

"आईला मारलंस?"

"बाबा? तुम्ही वाचलंत?"

"मारलंस की नाही?"

"बाबा, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असेल तर सांभाळून लिही! दुसरं कुणी मिळालं नाही? कुत्र्याला मारायचं!"

"कुत्र्याला मारलं तर आई वाचेल का?" अनुजाही तापली. "गोष्टीत कुणीतरी जायलाच हवं होतं. मी दोन वर्षं अडकले होते त्या प्रकरणात. लाडूला मारलं तर आई पहिल्याच दिवशी गठ्ठा बंद करेल. म्हणून मी दुसरं..." आणि तिथे ती रडायला लागली.

आता हिला कसं सांगू, की बाई गं, तू कुत्रा वाचवलास तरी आईनं गठ्ठा पहिल्याच दिवशी बंद केलाय? मी म्हटलं, "पाच वाजता ये उद्या. तोपर्यंत कुणाला काही कळवू नकोस."

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी लीलासमोर गठ्ठा ठेवला आणि जे जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"कुत्रा जगतो," मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "सुटला लिहिलंय."

"साखळीतून सुटला. आकडा निसटला, कुत्रा मोकळा झाला, पळाला. शब्दकोशात पहिला अर्थ हाच आहे."

"शब्दकोश भेटायला येत नाही हो. माणसं येतात."

"लीला, तो धडधाकट आहे. मी वाचलंय."

"तुम्ही शेवट सांगताय?"

"हो."

"मग दुसरं कुणीतरी गेलंय. तुमचं तोंड सांगतंय. कोण?"

"ते मी मेलो तरी सांगणार नाही," मी म्हणालो आणि भाजी आणायला निघून गेलो. भाजी घरात होती.

परत आलो तर ती वाचत होती. सबंध दिवस वाचत होती. जेवताना एका हातात कागद. नवऱ्याची पाटीवाली गोष्ट आली तेव्हा इतकी हसली की बकुळावहिनी काय झालं बघायला आल्या. मी आपला घड्याळाकडे बघत होतो. साडेचार झाले. तिच्या हातात आता मोजकीच पानं राहिली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, पुन्हा आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. सिनेमात मी कधी डोळे झाकले नाहीत. तिचा चेहरा बघायची मात्र हिंमत होईना.

पाचला अनुजा आली. दारातच थांबली, चपलाही काढेना. लीलानं शेवटचं पान खाली ठेवलं.

"मला मारलंस," ती म्हणाली.

"आई, ती तू नाहीस गं, ती..."

"मीच आहे. बटाट्याच्या भाजीत साखर घालणारी ह्या बिल्डिंगीत मीच एक आहे. ते जाऊ दे. कधीतरी जायचंच. लाडू वाचला, मला बरं वाटलं. छान लिहिलंयस, इतकं छान लिहिलंयस की काय सांगू. पण तू एक चूक केलीयस."

"काय?"

"हे चंदनवाडीहून घरी येतात. दार उघडं, भिंतीतला आकडा निसटलेला, घरात चिटपाखरू नाही. पुढे?"

"पुढे काही नाही. तिथे संपतं, आई."

"तुझं संपलं. ह्यांचं काय?" लीलाचा आवाज चढला. "मी गेले. तू माटुंग्याला. कुत्रा चौपाटीवर लाटा बघत बसलाय. हा माणूस एकटा घरात काय करणार? भांडायचं कुणाशी? ते काही नाही. लाडूला घरी आण. दोन ओळी लिही. रात्र व्हायच्या आत तो परत आला, जिने चढला आणि ह्यांच्या पायाशी येऊन बसला. मग खुशाल छाप."

"मला कुणी नको सोबतीला," मी म्हणालो. निदान तसं म्हणायचा विचार होता.

अनुजानं नाक पुसलं. "पण आई, बाबांचं आणि लाडूचं कधी पटलं? रोज ओरडायचे त्याच्यावर."

"माझ्यावरही ओरडतात," लीला म्हणाली.

अनुजा तिथेच जमिनीवर बसली आणि गुडघ्यावर शेवटचं पान ठेवून लिहायला लागली. मी माझी खुर्ची ओढून लीलाच्या खुर्चीला लावली आणि ती काही बोलायच्या आत बसलो.