ईशानीची खोली

कौन्सिलचा माणूस गुरुवारी दुपारी येणार असं ईमेल आलं आणि ऋजुताला कित्येक आठवड्यांनी नणंदेची आठवण आली. नणंद काही लांब नव्हती हो. लंडनच्या पिनरमधल्या त्याच घराच्या ड्राइव्हवेवर, भावाच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांच्या घरात, राहत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण हाक कोण मारतंय!

ही नणंद, नीना, याच घरात लहानाची मोठी झाली. वरच्या मजल्यावरची मागची खोली तिची होती. पुढे अतुलशी लग्न झालं, त्याच्या नोकरीपायी मस्कतला गेली आणि एकोणीस वर्षं तिकडेच राहिली. दरम्यान बाबा गेले, मग आई गेली. घर दोन्ही मुलांच्या नावावर निम्मं-निम्मं होतं. नीना आईच्या दिवसांना आली तेव्हा सॉलिसिटरला म्हणाली, "मला काही नको. सगळं सतीशच्या नावावर करा." त्या बिचाऱ्या इंग्रजाने तिला पुन्हा पुन्हा विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणतंय का, घरी जाऊन नीट विचार करा. नीना हसली. त्याला काय समजावून सांगणार? आपल्यात बहीण भावाकडे वाटा मागत नाही. वाटा सोडायचा आणि माहेर राखायचं. तिच्या आईने साताऱ्यात तेच केलं होतं, मावशीनेही तेच केलं. त्या दोघींना तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं. नीना मात्र लंडनच्या शाळेत शिकलेली, भावापेक्षा कायम जास्त मार्क मिळवणारी, चारचौघींत तावातावाने बोलणारी. तरी तिनेही तेच केलं, आणि वर मस्कतला जाऊन मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

अतुल हार्ट अटॅकने गेला तसा कंपनीचा फ्लॅटही गेला आणि व्हिसाही. नीना दोन बॅगा घेऊन हीथ्रोला उतरली. सतीशने तिला मिठी मारली, रडलाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, लॉफ्टचा काम चाललाय, so just two weeks तू कॅरॅव्हॅनमध्ये राहा. It's quite cosy." ही कॅरॅव्हॅन त्याने वेल्सच्या सुट्ट्यांसाठी हौसेने घेतली होती. दोनदा वेल्सला जाऊन आली, तिसऱ्यांदा कोणी विषय काढला नाही.

छताखालचा लॉफ्ट तयार झाला. तिथे सतीशचं ऑफिस आलं. नीनाची जुनी खोली आता सतीश-ऋजुताच्या मुलीची, ईशानीची होती, आणि ईशानी होती मँचेस्टरला, युनिव्हर्सिटीत. महिन्या-दीड महिन्याने एखाद्या वीकेंडला यायची, बाकी खोली रिकामी. संध्याकाळी टायमरवर तिथले छोटे रंगीत दिवे लागायचे आणि नीना ड्राइव्हवेवर दोन स्वेटर घालून हीटरपाशी बसायची. हिवाळ्यात खिडक्यांना आतून पाणी सुटायचं, गादीची एक कड कायम ओली. केमिकल टॉयलेटची टाकी स्वतः ओढत नेऊन रिकामी करायची. घराची किल्ली काही तिला कोणी दिली नाही. सकाळी ऋजुता मागचं दार उघडायची तेवढ्यात अंघोळ उरकायची. एकदा सहज म्हणून तिने ईशानीच्या खोलीचा विषय काढला, तर ऋजुता म्हणाली, "ईशानीला तिची स्पेस लागते ना, ताई." झालं. स्पेस!

मग नीनाने सरळ मागितलं का नाही? इथेच तर तिचं घोडं पेंड खात होतं. मागायचं कसं? भावाने म्हणायला हवं. आपण तोंड उघडलं की ती मागणी झाली, आणि मागणारी बहीण माहेरी नकोशी होते, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. सतीश न सांगता समजेल म्हणून ती थांबली. नर्सरीत लहान मुलं सांभाळायची अर्धवेळ नोकरी करत राहिली आणि थांबत राहिली.

शेवटी समजलं ते समोरच्या शेजाऱ्याला. त्याने कौन्सिलकडे तक्रार केली, की ड्राइव्हवेवरच्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणीतरी कायमचं राहतंय.

बुधवारी संध्याकाळी ऋजुता कॅरॅव्हॅनमध्ये आली. प्लंबरलासुद्धा बूट काढायला लावणारी ही पुण्याची बाई सरळ बुटांसकट आत शिरली.

"नीनाताई, उद्या तुमचं सामान वर ईशानीच्या खोलीत ठेवूया का?"

नीना अर्धी उठलीच. तिला वाटलं, सुचलं एकदाचं. तोंडातून "हो, हो" निघूनही गेलं.

"म्हणजे फक्त दिसायला हो," ऋजुता म्हणाली. "त्या माणसाला वाटायला हवं की तुम्ही घरात राहता. नाहीतर आम्हाला नोटीस येईल. तासाभराचा तर प्रश्न आहे."

नीना पुन्हा "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

गुरुवारी सकाळी खोलीची तयारी झाली. ऋजुताने कपाटातून नवीन चादर काढली, उशीला अभ्रा घातला, दोन्ही बाजू ताणून ताणून सारख्या केल्या. ईशानीचे टेडी पेटीत गेले. नीनाचा गाऊन दाराच्या मागे, चष्मा आणि बीपीच्या गोळ्या टेबलावर, अतुलचा फोटो खिडकीत. सतीशने तिची बॅग स्वतः उचलून वर आणली आणि म्हणाला, "Looks nice, ताई." खरंच छान दिसत होतं. नीना पलंगाच्या कडेला टेकली. गादी कोरडी होती. एवढ्याशा गोष्टीने तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. नाटक चाललंय बये, तिने स्वतःला बजावलं, इथे रमू नकोस. पण रमली ती. चष्मा उगाच डावीकडचा उजवीकडे ठेवला. खिडकीतून मागच्या बागेतलं सफरचंदाचं झाड दिसत होतं, बाबांनी लावलेलं.

कौन्सिलचा माणूस तरुण होता, अदबशीर. त्याने कॅरॅव्हॅन बाहेरून पाहिली. मग जिन्यापाशी आपणहून बूट काढून वर आला.

"ही तुमची खोली?" त्याने इंग्रजीत विचारलं.

दारात सतीश उभा, त्याच्या खांद्यामागे ऋजुता. दोघांचेही डोळे नीनावर. एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं बिंग फुटलं असतं. तिला ते कळत होतं आणि त्यांनाही.

"हो," नीना म्हणाली. "लहानपणापासून माझीच."

"छान उजेड येतो." तो हसला. मग त्याने समजावून सांगितलं, की घरातलं माणूस घरात झोपत असेल आणि कॅरॅव्हॅन नुसती उभी असेल, तर कौन्सिलची काही हरकत नाही. तक्रार इथेच बंद.

तो गेला. सतीशने खाली दार लावलं आणि "Thank God!" म्हणत सुस्कारा सोडला. नीना वरच बसून होती. दोन मिनिटांत ऋजुता कपड्यांची बास्केट घेऊन आली.

"ताई, जरा उठता का? चादर काढते. ईशानी उद्या येतेय."

नीना उठली नाही.

"मला ही खोली हवीय, ऋजुता."

ऋजुताचा हात उशीवर तसाच राहिला. सतीश जिना चढून आला होता, तो दारात थबकला.

"ताई, असा काय बोलतेस? ते just त्याला दाखवायला होता."

"आणि मी अर्धं घर सोडलं ते कोणाला दाखवायला होतं, सतीश?"

सतीशचा चेहरा लाल झाला. "मी मागितला नव्हता. तू स्वतः दिलास. मी एकदा पण मागितला नव्हता!"

हे मात्र अगदी खरं होतं. 

"बरोबर आहे. तू मागितलं नाहीस," नीना म्हणाली, "पण मी आज मागतेय. मला या घरात राहायचंय. ईशानी येईल तेव्हा मी खाली सोफ्यावर झोपेन."

भावाने बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यातच नीनाला उत्तर मिळालं.

"तुम्ही पाहुण्या म्हणून हव्या तेवढ्या वेळा या, ताई," ऋजुता अगदी गोड आवाजात म्हणाली. "पण ही हक्काची भाषा नको. बरं नाही दिसत ते."

"मग मी त्या माणसाला फोन करून खरं काय ते सांगते!" नीनाचा आवाज चढला.  "सांगते, की मला बाहेर कुजवत ठेवलंय आणि इथे टेडी झोपतात!"

"सांगा ना." ऋजुताने उशीचा अभ्रा ओढून काढला. "मग ते कॅरॅव्हॅन हलवायला लावतील. आमचं काय जाणार आहे? तुम्ही कुठे जाल?"

 नीनाने खोलीभर पाहिलं, मग उठली. गाऊन, चष्मा, गोळ्या, अतुलचा फोटो, सगळं छातीशी धरलं. बॅग दुसऱ्या हातात घेतली. सतीश लगबगीने पुढे झाला. बहिणीचं वाईट वाटतच होतं त्याला, अगदी मनापासून वाटत होतं.

"ताई, तू टेन्शन नको घेऊस," तो तिच्या मागोमाग जिना उतरत म्हणाला. "आता कौन्सिलने पण ओके केलाय ना. आता तुला तिथून कोणी हलवणार नाही. तू कायम राहा."

आणि तिचे दोन्ही हात भरलेले पाहून त्याने पुढे होऊन बाहेरचं दार उघडून धरलं.