तलावातला दिवा आणि दादाची बोट

"महाराज, इतनी गर्मी में शॉल क्यों?"

नीला आणि लतिका या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मीनाक्षीने विचारलं खरं, पण फरीदाबादच्या तलावाकाठी जमलेली सगळी गर्दी वळून तिच्याकडेच बघू लागली. जूनची संध्याकाळ, अंगाची नुसती काहिली, आणि महाराज काळ्या शालीत!

"आत्मा आती है बेटी, तो ठंड साथ लाती है," महाराज हसले.

गर्दी शहारली. मीनाक्षीसुद्धा. कारण महाराज दर रविवारी पाण्यात सोडत तो द्रोणातला दिवा खरंच वाऱ्याच्या उलट चालायचा, आणि गेले तीन रविवार सरळ तिच्या आईकडे आला होता. "बेटा माँ को बुला रहा है!" महाराज म्हणाले होते.

मीनाक्षीचा विनायकदादा काविळीने गेला त्याला दोन वर्षं झाली होती. ती हाक ऐकल्यापासून आईने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. "तो बोलावतोय, मग अडून कशाला बसू?" एवढंच म्हणायची.

आज महाराजांनी विसर्जनाला मुलाची आवडती वस्तू मागितली होती. आईने लाल कापडात गुंडाळून आणली, ती दादाची रिमोटवरची बोट.

"बुडवायचीच तर नीट तयार करून सोडते," मीनाक्षी म्हणाली. "दादाने अशीतशी कधी सोडली नसती."

"कर," बाबा तोंड फिरवून म्हणाले.

ती पायरीवर बसली. बोटीच्या झाकणाखाली दादाच्या अक्षरातला सूचनांचा कागद होता. पाणी शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेला व्हॅसलीन. पंख्याचा स्क्रू घट्ट. सेल नवे. आधी रिमोट चालू, मग बोट.

तिने रिमोट चालू केला. बोट अजून बंदच होती. सवयीने तिने रिमोटची दांडी डावीकडे ढकलली.

पाण्यावरचा दिवा डावीकडे वळला.

तिने ती उजवीकडे ढकलली. दिवा उजवीकडे.

"दादा?" ती पुटपुटली. क्षणभर तिला वाटलं, वळून पाहिलं तर तो मागे उभा असेल.

मग कागदावरची शेवटची ओळ दिसली: 'आजूबाजूला कुणी आपल्याच फ्रीक्वेन्सीवर बोट चालवत नाही ना, बघ. नाहीतर तुझ्या रिमोटने त्याची पळेल.'

मीनाक्षी उठली. तिने रिमोटची अँटेना पूर्ण बाहेर ओढली.

"महाराज, अब दिया मेरी सुनेगा!"

दिवा गरगर फिरू लागला. "अपशकुन! घोर अपशकुन!" महाराज ओरडले. शालीच्या आत त्यांचे हात उंदरासारखे धडपडत होते. मीनाक्षीने दिवा पायरीशी आणला, लतिकाने द्रोण उचलून उलटा केला. खाली थर्माकोल, छोटी मोटर, पंखा आणि एक वायर.

"अरे यार, ही तर खेळण्यातली मोटर!" नीला किंचाळली.

कुणीतरी शाल ओढली. आतून रिमोट खणकन पायरीवर पडला.

आई तो द्रोण हातात धरून बसली. "म्हणजे... तो नव्हताच?"

"नव्हता गं. दादा आला असता, तर आधी तुला गोळ्या घ्यायला लावल्या असत्या."

आईला रडू फुटलं. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मीनाक्षी म्हणाली. "बोट बुडणार नाही. दर रविवारी मी ती इथंच चालवणार, आणि रिमोट मागेल त्याच्या हातात देणार. म्हणणार, स्वतः चालवून बघा, उघडून बघा, मगच काय ते माना. पण आधी घरी चला. आई, तुझी गोळी राहिलीय."