लिफाफा उघडल्यानंतर

दीर्घिकांच्या गुच्छांवरून अंतर काढणारीला खगोलशास्त्र विभागात गुच्छवाली म्हणत आणि ताऱ्यांच्या स्फोटांवरून काढणाऱ्याला फटाकेवाला. दोघांची अंतरं जुळली, तर गुच्छवालीची पद्धत मान्य होऊन तिची पुढच्या महिन्यात संपणारी नोकरी वाढणार होती.

नकळत आपल्याला हवं तेच उत्तर काढलं जाऊ नये म्हणून तिच्या मोजमापांत एक गुप्त आकडा मिसळला होता. तो लिफाफ्यात घालून ग्रंथपालबाईंकडे ठेवला होता; तो काढून टाकल्याशिवाय खरी अंतरं कळणार नव्हती. लिफाफा उघडल्यावर येणारा पहिला निकाल बदलायचा नाही, असं दोघांनी लिहून दिलं होतं.

सोमवारी ग्रंथालयात लिफाफा उघडला. तिची अंतरं फटाकेवाल्याच्या अंतरांपेक्षा आठ टक्के कमी भरली.

“तू गुच्छ चेंडूसारखे गोल धरलेस,” फटाकेवाला म्हणाला. “अंड्यासारखे लांबट धर, बघ कसं चपखल बसतं.”

“हे आधी सुचायला हवं होतं.”

“आता सुचलं ना? कुणाच्या बापाला कळणार आहे?”

“मी इथेच बसलेय,” ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

गुच्छवालीने लांबट आकार धरून गणित केलं. अंतरं जुळली. तरी दोघांच्या शोधलेखाच्या पहिल्या तक्त्यात तिने गोल गुच्छ आणि आठ टक्क्यांची तफावत तशीच ठेवली. दुसऱ्या तक्त्यावर लिहिलं: ‘हा बदल लिफाफा उघडल्यानंतर केला आहे.’

फटाकेवाल्याने ती ओळ दोनदा वाचली. “नोकरी घालवशील, बाई.”

“घालवीन कदाचित. तू आधी लेखावर सही कर.”

त्याने खिशातलं पेन काढलं.