निधीच्या नावाचं पार्सल

वसई-विरारमध्ये एकाच नावाच्या इमारती इतक्या आहेत, की डिलिव्हरीवाला एका पार्सलसाठी चारदा फोन करतो आणि तरी भलत्याच जिन्यावर जाऊन उभा राहतो. अनुष्कानं त्यावर तोडगा काढला होता. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात कॅल्विनची सात माणसांची कंपनी होती. तिथं ती कामणच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. तिनं बनवलेली लिंक गिऱ्हाइकाला मेसेजमधून जायची. दाबली की एक पान उघडून लोकेशनची परवानगी मागायचं. गिऱ्हाइकानं ‘अलाऊ’ दाबलं, की डिलिव्हरीवाल्याचा फोन थरथरायचा आणि नकाशा आपोआप उघडून थेट दारापर्यंतचा रस्ता दाखवायचा. कुणाला काही विचारायला नको. घरी आल्यावर तिनं हे शेजारच्या सदानंदकाकांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

मनवेलपाड्याच्या एका इमारतीत काकांचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लागून होतं. अनुष्का दहावीत असताना तिचे वडील गेले. तेव्हा दवाखान्यापासून स्मशानापर्यंत सगळं काकांनी निभावलं होतं. तिची आई मनोरमा अजूनही सणाला पहिलं ताट त्यांच्याकडे पाठवायची.

काकांचा मुलगा संग्राम मात्र वेगळा होता. त्याचा आवाज चढला की मनोरमा टीव्हीचा आवाज वाढवायची. मग काहीतरी आपटल्याचं ऐकू यायचं, आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. सकाळी त्याची बायको पिंकी दुधाची पिशवी घ्यायला दारात यायची तेव्हा अनुष्का चपलेचा पट्टा लावण्यात गुंतलेली असायची. एका मंगळवारी पिंकी चार वर्षांच्या निधीला घेऊन निघून गेली. कुठे गेली, कुणालाच कळलं नाही.

दीड महिन्यानं काका अनुष्काकडे आले. खुर्चीत बसले, पण चहाला हात लावला नाही.

“तिचा नवा नंबर आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “निधीच्या जन्मदाखल्याचा फोटो हवा होता म्हणून मलाच फोन केला होता तिनं. मी लगेच पाठवला. त्यानंतर उचलत नाही.”

“मग नसेल बोलायचं तिला, काका.”

“नको बोलू दे. पोर बरी आहे, कुठेतरी धड छपराखाली आहे, एवढंच मला कळू दे. तुझी ती लिंक आहे ना?”

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ह्या माणसाला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, वडिलांच्या वेळीसुद्धा नाही.

“संग्रामला सांगणार नाही ना?”

“तुझ्या आईसमोर सांगतो. नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तिनं मेसेज पाठवला. नेहमीचाच मजकूर होता, फक्त नाव तिनं घातलं: निधीच्या नावाने पार्सल आले आहे, पत्ता नक्की करण्यासाठी लिंक दाबा. डिलिव्हरीवाल्याच्या रकान्यात काकांचा नंबर टाकला. अकरा चाळीसला पिंकीनं लिंक दाबली आणि अनुष्काच्या पडद्यावर ठिपका उमटला. कामण, हमरस्त्यापासून आत, गोदामांच्या रांगेमागची वस्ती. तिला हायसं वाटलं. किती जवळ आहेत, असंच तिच्या मनात आलं. त्याच घटकेला मनवेलपाड्यात काकांचा फोन थरथरला आणि त्यावर नकाशा उघडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनोरमाचा फोन आला. “शेजारी पोलीस आलेत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “संग्रामला धरलंय म्हणे. पिंकी दवाखान्यात आहे.”

पिंकी ज्या गोदामात पॅकिंगला जायची तिथं, वस्तीत विचारपूस करत, जेवणाच्या सुट्टीत संग्राम पोचला होता. माल चढवण्याच्या उंच कट्ट्यावर दोघांची झटापट झाली. ती खाली पडली ती पाठीवर, तिथं ठेवलेल्या लोखंडी ढकलगाडीच्या कडेवर. बाकीच्या बाया जेवायला बसल्या होत्या. त्या धावत आल्या तोवर ती खाली पडलेली होती. कमरेखाली तिला काही जाणवत नव्हतं.

संग्रामनं पोलिसांना सांगितलं की तो गोदामात काम शोधायला गेला होता. बायको तिथं असेल हे त्याला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. तिला बघून दचकला, तीही दचकली आणि तिचा पाय घसरला.

त्या संध्याकाळी अनुष्कानं काकांचं दार वाजवलं. दार अर्धंच उघडलं.

“त्यानं फोन हातातून हिसकावला,” काका म्हणाले. ते तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होते. “मी काय करणार होतो?”

“तुम्ही मला लगेच सांगायला हवं होतं. मी तिला सावध केलं असतं.”

फोन खरंच हिसकावला गेला, की काकांनीच पुढे केला, हे अनुष्काला कधीच कळलं नाही. दार लावता लावता ते एवढंच म्हणाले, “सांगायला गेलीस तर आधी तुझं नाव येईल, पोरी. विचार कर.”

तिनं विचार केला. दोन आठवडे फक्त विचारच केला. ऑफिसात कॅल्विनला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं केबिनचं दार लोटून घेतलं.

“रेकॉर्ड किती दिवस राहतं आपल्याकडे?”

“तीस. मग आपोआप पुसलं जातं.”

“झाले किती?”

“अठरा.”

“मग तू काही करू नको,” तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. “पुसूही नको, काढूही नको. बारा दिवस फक्त गप्प बस. सात जणांची घरं चालतात ह्याच्यावर.”

शनिवारी ती दवाखान्यात गेली. पिंकीच्या खाटेशी एक म्हातारी बसली होती. धोंडूबाई तिचं नाव. कामणला भातशेती करायची आणि तिच्याच मागच्या खोलीत पिंकी भाड्यानं राहत होती. निधी तिच्या मांडीवर झोपली होती.

“कोन गो तू?” म्हातारीनं विचारलं. “हिच्या घरची कोनी आलीच नाय आजवर.”

“शेजारची,” अनुष्का म्हणाली. पिंकीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. अनुष्कानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसली असती तर तिच्यानं बोलवलं नसतं. लिंक तिनं पाठवली होती. पार्सल नव्हतंच.

पिंकीनं नजर छताकडे वळवली.

“माझ्या नावानं आलं असतं तर मी दाबलं नसतं,” ती म्हणाली. “कुठल्याही मेसेजला हात लावत नव्हते मी. पण निधीच्या नावानं होतं. तिच्या नावानं आजवर कधी काही आलं नव्हतं. मला वाटलं, काकांनी खाऊबिऊ पाठवला असेल. तिला सांगितलं, तुझ्या नावानं काहीतरी येतंय. दोन दिवस उंबऱ्यात बसून होती ती.”

“पिंकी, मला...”

“तुला भिंतीतून ऐकू यायचं ना सगळं?”

अनुष्कानं मान हलवली.

“मग तू जा,” पिंकी म्हणाली. आवाज चढवला नाही. “मला पानी द्या, आजी.” म्हातारीची बोली तिच्या तोंडात बसली होती. धोंडूबाईनं निधीला सांभाळत उठून तिच्या ओठांना पेला लावला. अनुष्का पाठमोरी झाली.

सोमवारी ती कामावर गेली नाही. रविवारी तिनं ऑफिस उघडून रेकॉर्डच्या प्रती काढल्या होत्या: मेसेजचा मजकूर, अकरा चाळीसची वेळ, कामणचा ठिपका, काकांचा नंबर. मनोरमा दारात आडवी उभी राहिली. “तुझ्या बापाला खांदा दिलाय त्यांनी,” ती म्हणाली. अनुष्कानं तिच्या हाताखालून वाट काढली.

पोलीस ठाण्यात एका महिला उपनिरीक्षकानं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा पुन्हा विचारलं, कारण लिंक दाबल्यावर दुसऱ्याच्या फोनवर नकाशा कसा उघडतो हे तिला नीट समजून घ्यायचं होतं. शेजारी हवालदार एका बोटानं जबाब टाइप करत होता. झाल्यावर त्यानं वाचून दाखवला.

“‘...त्यानंतर सदर महिलेने स्वतःच्या परवानगीने आपले लोकेशन दिले...’”

“असं नाही,” अनुष्का म्हणाली.

“अलाऊ तिनंच दाबलं ना?”

“दाबलं. पण तिनं दिलं नाही. पार्सलचं खोटं सांगून मी ते काढून घेतलं.”

हवालदारानं उपनिरीक्षकाकडे पाहिलं. ती म्हणाली, “अनुष्का, हे तुमच्याच अंगावर येईल. समजतंय ना?”

“हो.”

“मग ‘फसवून’ लिहू?”

“लिहा.”

हवालदारानं आधीचं वाक्य पुसलं आणि एकेक अक्षर शोधत नवं टाइप केलं. अनुष्कानं प्रत्येक पानावर सही केली.

संग्राम पत्ता शोधत गेला होता हे उघड झाल्यामुळे त्याला जामीन मिळाला नाही. आरोपींत काकांचं नाव आलं आणि अनुष्काचंही. गोदामवाल्यांनी कंत्राट काढून घेतलं. कॅल्विननं तिला फोनवरच सांगितलं की आता येऊ नकोस, आणि पुढचं काही न बोलता ठेवून दिला. पिंकीला धोंडूबाईनं आपल्याच घरात पुढच्या खोलीत आणलं, चाकाची खुर्ची मागच्या दारातून जात नव्हती म्हणून. साक्षीच्या दिवशी पिंकी आणि अनुष्का कोर्टात संग्रामच्या विरोधात एकाच बाजूला होत्या. पिंकीनं विचारलं तेवढं सांगितलं, अनुष्काच्या जबाबातला शब्दन् शब्द खरा आहे म्हणाली, आणि जाताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.