बांधातल्या पाच फळ्या

दिव्यांची अवस. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कामणच्या गोदामांमागे खाडीच्या बांधावर पाऊस कोसळत होता आणि श्रीपत कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभा होता.

मी उघाडी बोलतेय. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलं नसेल, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी नाकाला रुमाल लावून पाहिलं. म्हणून आधी ओळख सांगते. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. बांधाच्या पोटात दगडी मोरी आहे. त्या मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर मी वरून टांगलेली आहे. सागाच्या पाच आडव्या फळ्या, दोन लोखंडी पट्ट्या, दोन बिजागऱ्या. भरती आली की खाडीचं खारं पाणी मला बाहेरून दाबतं, मी मिटते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं, मी उघडते. मला कुलूप नाही, मोटर नाही, शिपाई नाही.

मला टांगलं त्याला अडतीस वर्षं झाली. श्रीपतचा हरेश त्याच वर्षी जन्मला. तेव्हा बांधामागे बारा घरांची शेतं होती आणि माझी राखण करायची पाळी असायची, दर महिन्याला एका घराची. काम दिसायला काहीच नव्हतं. अडकलेली फांदी काढायची, उंबऱ्यावरचा गाळ ओढायचा, बिजागरीला तेल घालायचं, फटीत चिंध्या आणि चिकणमाती दाबायची. हे चुकलं तर बोटभर फटीतून आलेलं खारं पाणी एका पंधरवड्यात अख्खी लावणी जाळून टाकतं.

पुढे जमिनी विकल्या गेल्या, तशा पाळ्याही गेल्या. शेवटी बाराही महिने श्रीपतचेच झाले.

नवी होते तेव्हा मला वाटायचं, गोडं पाणी आपलं आणि खारं पाणी शत्रू. एकाला वाट दिली की मी खूश, दुसऱ्याला अडवलं की मला घमेंड. माणसंही तशीच वागायची माझ्याशी. एका वर्षी उधाणाने बांध फुटला आणि पीक बुडालं, तेव्हा बायकांनी मला रांडेची म्हणून शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी भाताला घरात जागा पुरेना, तर त्याच बायकांनी मला झेंडूची माळ घातली. फळ्या त्याच होत्या.

श्रीपत तेवढा बदलला नाही. नारळी पुनवेला तो मला एक नारळ वाढवायचा. बुडालं त्या वर्षी एक, पिकलं त्या वर्षीही एक. त्या भरल्या वर्षी कमळी, म्हणजे त्याची बायको, बांधावर उभी राहून म्हणाली होती, "एवढा पिकलाय, आवंदा पाच तरी फोड की. कंजूस मेला!"

"बुडला तवा एक फोडला ना? मंग आवंदाबी एकच."

"आनि देवाला राग आला तं?"

"देवाला मोजता येत असता तं त्यानं पानी मोजून नसता पाठवला?"

कमळी हसत सुटली. मला मात्र त्या एका नारळाचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली. मग माझी घमेंडही गेली आणि भीतीही. भरती आली, मिटले. ओहोटी लागली, उघडले. त्यात एक विसावा होता.

तो विसावा कसा संपला, ते सांगते.

शेजारच्या शेतांवर भराव पडला. त्यावर गोदामं उभी राहिली, गोदामांच्या पलीकडे, सखल जागेत, दोन इमारती. हरेशला एका गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली. त्याने पेढे आणले, एक माझ्या चौकटीवरही ठेवला. श्रीपतने पेढा खाल्ला, हात धुतले आणि गाळ ओढायला लागला.

गेल्या चैत्रात तीन दिवसांत अकरा डंपर बांधावर आले. तोडलेल्या इमारतींचं काँक्रीट, विटा, सळ्यांचे तुकडे. सगळं माझ्या तोंडाशी, खाडीच्या बाजूला रिकामं झालं. माझ्या खालच्या तीन फळ्या त्यात गाडल्या गेल्या. मी उघडते ती बाहेरच्या बाजूला. आता मी उघडू शकत नव्हते.

श्रीपतने तीन कचेऱ्यांत अर्ज दिले. तिन्ही ठिकाणचे गोल शिक्के मारलेले कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले आहेत. तिन्ही उत्तरांत एकच वाक्य होतं: सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. चौथ्या खेपेला एक इंजिनीयर साहेब आले, बांधावर न चढता गाडीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "काका, या वयात कशाला त्रास करून घेता? निसर्गापुढे कुणाचं चालतं? शांत राहायला शिका."

शांत राहायला! श्रीपतला! तो शांतच होता. आवाज न चढवता त्याने एवढंच विचारलं, "साहेब, ह्या विटा निसर्गानं टाकल्या का?" साहेबांना फोन आला. शांततेचा उपदेश नेहमी कोरड्या पायांची माणसं करतात, हे मी या बांधावर किती वेळा पाहिलं!

आणि मग आषाढातली ती अवस. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. पावणेएकला भरती पूर्ण झाली, मग ओहोटी लागली. खाडी उतरू लागली, पण आतलं पाणी उतरेना. ते मला ढकलत होतं, मी जागची हलत नव्हते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी आतल्या पाण्याला नाही म्हणत होते, आणि तेही माझ्या मनाने नव्हे.

श्रीपत आणि हरेश पहारीने काँक्रीट हलवून थकले. हरेशने गोदामात फोन करून जेसीबी मागितला. फोन ठेवून म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो बोलले."

तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यातून एक बाई बांधावर आली. विनिता तिचं नाव, पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहते, मूळची चिपळूणकडची. ती धापा टाकत होती.

"काका, पाणी बाहेर कुठून जातं? सगळे म्हणतात तुम्हाला माहिती आहे. माझ्या सासूबाई अंथरुणावरून उठू शकत नाहीत. पाणी खाटेला लागलंय. आम्ही टेबलावर खाट चढवली, आता टेबलही बुडतंय. जिना अरुंद आहे, चौघं मिळून उचलली तरी वळत नाही हो."

श्रीपतने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या वरच्या दोन फळ्या भरावाच्या वर होत्या. त्या तोडल्या तर पाणी जाणार होतं.

हरेशच्या ते लक्षात आलं. "बाबा, नको. उधाण आहे. हिला तोडलीस तर पुढच्या भरतीला खारं पाणी सरळ आत. तीन वर्षं भात नाही होणार, तुलाच माहितीये."

"माहिती हाय."

"मग?"

"शेत गेला तं माझा गेला, हरेश. पानी तिच्या घरान हाय."

मागून भिजत आलेली कमळी ओरडली, "आठ दिस वाकून लावणी केली मी! माझी कंबर कोन देनार?"

"मी चेपून देईन."

"चेपतोय! चाळीस वर्सांत कंदी चेपली नाय!" असं म्हणाली आणि तिनेच कासोटा आवळून मोरीवरच्या खांबाचा कंदील लटकवायचा दोर सोडवला, त्याच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं.

श्रीपत मोरीवर उतरला. कुऱ्हाड उचलण्याआधी त्याने ओला तळवा माझ्या वरच्या फळीवर ठेवला. भरल्या वर्षी ठेवायचा तसाच, बुडल्या वर्षी ठेवायचा तसाच. मग पहिला घाव घातला. दुखलं का, असं विचाराल. लाकडाला जे होतं ते झालं. चौथ्या घावाला फळी चिरली, सातव्याला दुसरी गेली, आणि आतलं पाणी माझ्या अंगावरून भरावाला ओलांडून खाडीत धावलं.

पाच वाजता विनिता पुन्हा आली. पाणी खाटेखाली गेलं होतं. ती श्रीपतच्या पायाशी वाकली. तो मागे सरला. "पोरी, म्हातारीला गरम काय तरी पाज. जा."

अंधार पडेपर्यंत बापलेकांनी पोत्यांत माती भरून माझं भगदाड बुजवलं. उधाणाच्या भरतीने ती पोती बाजूला सारली. पुढचे चार दिवस खाडी शेतात येत-जात राहिली. आता भाताची रोपं पिवळी पडून वाळली आहेत आणि चिखलावर पांढरा थर धरलाय.

सहाव्या दिवशी पंचनामा झाला. इंजिनीयर साहेब या वेळी बांधावर चढले. उघाडी सरकारी मालमत्ता असून ती श्रीपतने कुऱ्हाडीने तोडली, असं लिहिलं. श्रीपतने होकार दिला, अंगठा उमटवला आणि शेजारी सहीही केली.

"साहेब, डंपरचं पण लिहा," हरेश म्हणाला. "तीन गाड्यांचे नंबर मला पाठ आहेत." आणि त्याने ते, पंचनामा बघायला आलेल्या आपल्या गोदामाच्या मुकादमासमोर, मोठ्याने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर बोलावलं नाही.

"या नमुन्यात तो रकाना नाही," साहेब म्हणाले.

गेल्या आठवड्यात नारळी पुनव झाली. माझ्या दोन फळ्या श्रीपतच्या ओट्यावर पडल्या आहेत, तीन अजून भरावात अडकून आहेत. श्रीपत आला. कमळी म्हणाली, "सोताच तोडलीस, आनि आता नारळ?"

"एकच आनलाय," तो म्हणाला.

मी थकले आहे. माझ्यासाठी रडू नका, मला माळही घालू नका. खारं आलं, गोडं गेलं, श्रीपतचा हात तसाच आहे, आणि मला तेवढं पुरतं. पण त्याच्या शांत राहण्याला कुणी आपली सुटका समजू नये. सरकारी मालमत्तेच्या नासधुशीची नोटीस त्याच्या घरी पोचली आहे. अकरा डंपरचा भराव माझ्या तोंडाशी होता तिथेच आहे, आणि हरेशने सांगितलेले तीन नंबर आजपर्यंत कुठल्याही कागदावर लिहिलेले नाहीत.