तांबूस दगडाचं जातं

दाक्षायणीला आमच्या घरातून कुणी घालवू शकलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. घालवायला निघाली होती ती दुसरी-तिसरी कुणी नव्हे, माझी सख्खी आई, नागव्वा.

साल चौऱ्याहत्तर. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो, राहायला रेल्वेच्या चाळीत. लग्नात दाक्षायणीने अक्कलकोटपलीकडच्या माहेराहून तांबूस दगडाचं जातं आणलं होतं. आमच्याकडे सगळा काळा दगड, त्यामुळे स्वयंपाकघरात ते उठून दिसायचं. नंतर तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. अशात सोलापूरचे मल्लिकार्जुन नावाचे प्राध्यापक गावात व्याख्यानाला आले आणि सांगून गेले, की सगळ्याच दगडांतून न दिसणारे किरण निघतात, काळ्यापेक्षा तांबड्यातून जरा जास्त. ते आणखीही बरंच बोलले होते, पण चाळीने नेमकं एवढंच उचललं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! संध्याकाळपर्यंत आमचं जातं पोरं खाणारं ठरलं आणि आईने सुनेची ट्रंक दारात आणून ठेवली.

मला असा संताप आला, की दुसऱ्याच दिवशी सोलापूर गाठून मी सरांना ते किरण मोजायचं यंत्र घेऊन घरी यायची गळ घातली. शेजारी म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी कसला ऐकतोय.

रविवारी सकाळी सर आले. डब्याएवढं यंत्र, सारखं टिकटिकणारं. अंगणात टिकटिक, त्यांच्या स्वतःच्या हातापाशीही टिकटिक. त्यांनी समजावलं, की एवढी सगळीकडे असायचीच. मातीतून येते, आभाळातून येते, आपल्या हाडांतूनसुद्धा येते. जात्याशी ती वाढली, पण इतकी किंचित, की सर हसले आणि म्हणाले, याने गर्भ पडत नसतो. दारात जमलेल्या बायांकडे मी नाक वर करून पाहिलं.

आई मात्र हटेना. "दगूड न्हाय तर हीच आसंल. हिलाच लावून बगा की."

दाक्षायणी मुकाट्याने पुढे आली. सरांनी यंत्र तिच्यासमोर धरलं आणि ते थांबलं. सेल गेले असतील म्हणून ते अंगणात गेले, तर टिकटिक चालू. तिच्याजवळ आले, की बंद. तीनदा असंच झालं. ऐन थंडीत सरांना घाम फुटला होता. मी आकडा विचारला.

"शून्य," ते म्हणाले. "पण असं कधी..."

पुढचं मी ऐकलंच नाही. शून्य! मी चाळभर ओरडून सांगितलं. आईने स्वतः ट्रंक आत नेली आणि खणानारळाने सुनेची ओटी भरली. आनंदाने मला रडू आलं.

"आता मला कुणी घालवणार नाही ना?" दाक्षायणीने विचारलं.

"कुणाची बिशाद आहे?"

त्यानंतर घराचं सोनं झालं. भांडण नाही, साधं पडसं नाही. आईचे गुडघे दुखायचे थांबले, आम्हाला भूकही बेताचीच लागू लागली. सर दर महिन्याला येत. आईचा आकडा उतरत उतरत होळीला शून्यावर आला, माझा आषाढात. दोन्ही वेळा मी पेढे वाटले. सर तेव्हापासून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनासे झाले.

गौरी-गणपतीच्या सुमारास दाक्षायणीला सातवा लागला होता. सर बाहेर उभे असताना मीच त्यांच्या हातून यंत्र घेतलं, पेढ्यांची पुडी दुसऱ्या हातात तयार होतीच, आणि तिच्या पोटाशी धरलं.

ते टिकटिकू लागलं. भराभर, स्पष्ट.

आईचं तोंड उतरलं. मला तर बायकोकडे बघायचीही लाज वाटली. दाक्षायणी मात्र जराही बावरली नाही. तिने पदर सारखा केला आणि पोटावर हलकेच थोपटलं.

"होईल गप्प," ती म्हणाली.