कार्पोसला धरून बिशप केलं

आमचे म्हातारे बिशप वारले आणि आठवड्याच्या आत शेजारच्या गावांचे तीन बिशप येऊन बसले. तिघांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय नवा बिशप होत नाही. निवड मात्र गाव करतं, आणि थ्रेसच्या किनाऱ्यावर तिची रीत सोपी आहे. ज्याला गादी हवी असते त्याला ती देत नाहीत. जो पळतो तो योग्य.

कार्पोस पळाला. हा खेचरांचा वैद्य. साथीच्या वर्षी गावातले सगळे शहाणे डोंगरात गेले (मीही शहाणाच), तेव्हा हा एकटा घरोघरी आजाऱ्यांना पाणी पाजत फिरला. त्यामुळे गावानं एका आवाजात त्याचं नाव घेतलं आणि दुपारी त्याला खारवलेल्या मासळीच्या पिंपातून बाहेर काढलं. चौघांनी उचलून चर्चमध्ये आणला. डावा पाय माझ्याकडे होता.

"मला खेचरं कळतात, माणसं नाही," कार्पोस म्हणाला.

"आमच्याकडे नीट बघ," चर्चचा सेवक, डीकन अगाथोन म्हणाला. "फार फरक नाही."

"पाय सोडा. मी फार रागीट आहे."

"मग एक लाथ तरी मार की," मी म्हणालो. "कधीचा धरून बसलोय."

तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. "ऐका," तो म्हणाला, "मला ही गादी हवीय. लहानपणापासून डोळा आहे माझा तिच्यावर."

सुटकेची तेवढी एकच वाट होती आणि ती त्याला सापडली होती. अगाथोनचा चेहरा उतरला.

"अहो," बायकांच्या बाजूनं त्याची बायको झोसिमे म्हणाली, "म्हणून पिंपात जाऊन बसला होतात होय?"

लोक हसले. सगळ्यात वयस्कर बिशप मार्किआनोस तेवढे हसले नाहीत. ते खाली वाकले.

"लेकरा, साथ पुन्हा येईल. तेव्हा पळशील?"

कार्पोसनं एक खोटा 'हो' म्हटला असता तर तो सुटला असता. पिंपापेक्षा हे सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

त्याच्या डोक्यावर उघडं शुभवर्तमान धरलं गेलं. तिघांनी हात ठेवले. प्रार्थना संपली तेव्हा तो रडत होता, आणि त्याच्या अंगाला मासळीचा वास येत होता, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढे मान खाली घालून उभे होतो. म्हणजे बाकीचे उभे होते. मी अजून पायाशी होतो.

"पाय सोड," तो हळूच म्हणाला.

हे त्यानं दुपारपासून चाळीसदा सांगितलं असेल. या वेळी मी सोडला.